दुसऱ्या डिव्हिजनची पोरं: ब्लॅकबर्नपासून वडवणीपर्यंत

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

वडवणीतून बोलतोय. गाडीवर असाल तर एका कानातला इअरफोन काढा, बीड-परळी रस्त्यावरचे ट्रक तुमच्यासाठी थांबत नाहीत. आज जरा निवांत ऐका, कारण आजचा विषय मजेचाही आहे आणि शेवटी शेवटी पैशाचाही आहे. आपल्या घरातल्या पैशाचा.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की रेआल माद्रिद, मँचेस्टर सिटी सगळे करतात, तू जरा खालच्या लीगबद्दल बोल. खालच्या म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनच्या. इंग्लंडची चॅम्पियनशिप, स्पेनची सेगुंडा, जर्मनीची त्स्वायटे बुंडेसलिगा, इटलीची सेरी बी, फ्रान्सची लीग दोन. उद्याचे स्टार आज कुठं खेळतायत, ते इथं दिसतं.

आधी एक प्रश्न. इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबचा मालक महाराष्ट्रात बसतो, हे किती जणांना माहितीये? ब्लॅकबर्न रोव्हर्स. मालक कोण, तर पुण्याचा व्हीएच ग्रुप. म्हणजे आपले वेंकीज. तेच अंडी-कोंबडीवाले. ज्यांच्या घरी पोल्ट्रीचं शेड आहे त्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी हा क्लब विकत घेतला. आणि हा काही गल्लीतला क्लब नव्हता. १९९४-९५ ला ब्लॅकबर्ननं प्रीमियर लीग जिंकली होती. ॲलन शियरर तेव्हा त्यांच्याकडं होता.

पुढं काय झालं? डिसेंबर २०१० मध्ये मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलं, आणि मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. ज्या मॅचला गेला, विगनविरुद्धची, त्या मॅचला चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. खरंच सोडली, व्हिडिओ शोधा, सापडेल. मग २०१७ ला अजून एक पायरी खाली, तिसऱ्या डिव्हिजनला. २०१८ ला परत वर, चॅम्पियनशिपमध्ये.

आता तुम्ही म्हणाल, हरलेल्या क्लबची गोष्ट कशाला सांगतोस? कारण याच काळात याच क्लबनं जी पोरं घडवली, ती बघा.

डेव्हिड राया. स्पेनचा गोलकीपर. २०१२ ला सोळाव्या वर्षी ब्लॅकबर्नला आला, तिथं शिकला, २०१९ ला ब्रेंटफर्डला गेला आणि तिथून आर्सेनलला.

ॲडम व्हार्टन. हा तर ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, २००४ चा. सहा वर्षांचा असताना क्लबच्या अकादमीत गेला. अठराव्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोठ्या संघात. चॅम्पियनशिपमध्ये दीड सीझन खेळला आणि फेब्रुवारी २०२४ ला क्रिस्टल पॅलेसनं त्याला घेतलं, १ कोटी ८० लाख पौंड आणि वरून बोनस. रुपयांत मोजा, एकशे ऐंशी कोटींच्या वर जातं. चार महिन्यांनी तो इंग्लंडच्या युरो संघात होता. चार महिन्यांनी! फेब्रुवारीत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि जूनमध्ये इंग्लंडच्या जर्सीत.

हे कसं होतं? दुसरी डिव्हिजन म्हणजे कमी दर्जा, असं आपण धरून चालतो. पण पोराच्या बाजूनं बघा. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ आहेत. प्रत्येकाला ४६ लीग सामने. मंगळवारी मॅच, शनिवारी मॅच, चिखल, पाऊस, समोर तिशीतले दणकट गडी. पहिले दोन संघ थेट वर, त्यांच्या खालचे काही संघ प्ले-ऑफ खेळतात, शेवटचे तीन खाली. म्हणजे वर जायचं स्वप्न असलेले आणि खाली जायच्या भीतीत असलेले, असेच बहुतेक सगळे. सुटी घेऊन खेळणारा कुणी नाही.

मोठ्या क्लबच्या अकादमीत पोरगं दिसायला भारी दिसतं, पण खरी मॅच खेळायला मिळत नाही. वीस वर्षांचा झाला तरी बाकावर. आणि फुटबॉल बाकावर बसून येत नाही, जसं पोहणं विहिरीच्या काठावर बसून येत नाही. दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबकडं मोठे खेळाडू घ्यायला पैसा कमी असतो, मग ते पोराला आत ढकलतात. पोरगं तरलं तर विकून क्लब वर्षभर चालतो. दोघांची गरज भागते.

जूड बेलिंगहॅम आज सगळ्यांना माहितीये. त्याची सुरुवात कुठं? बर्मिंगहॅम सिटीत. ऑगस्ट २०१९ मध्ये १६ वर्षं ३८ दिवसांचा असताना पहिला सामना. त्या सीझनला चॅम्पियनशिपमध्ये ४१ सामने खेळला. आपल्याकडं त्या वयात पोरगं दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स काढत असतं. वर्षभरात बोरुसिया डॉर्टमुंडनं त्याला नेलं, सुमारे अडीच कोटी पौंड देऊन. पेद्री? सोळाव्या वर्षी स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये लास पाल्मासकडून खेळत होता, तिथून बार्सिलोना.

आणि एबेरेची एझे. याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. आर्सेनलच्या अकादमीनं त्याला तेराव्या वर्षी घरी पाठवलं. नंतर फुलहॅम, रीडिंग, मिलवॉल, कुणीच ठेवून घेतला नाही. शेवटी क्वीन्स पार्क रेंजर्सनं घेतला, चॅम्पियनशिपमध्ये. तिथून २०२० ला क्रिस्टल पॅलेस. १७ मे २०२५ ला एफए कपची फायनल, समोर मँचेस्टर सिटी, निकाल १-०, आणि तो एक गोल एझेचा. पॅलेसच्या इतिहासातला पहिला मोठा कप. त्या दिवशी मिडफिल्डला कोण होता? आपला व्हार्टन. म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमधून उचललेल्या पोरांनी सिटीला हरवलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एझेला परत कुणी घेतलं? ज्यांनी तेराव्या वर्षी काढलं होतं त्यांनीच. आर्सेनलनं.

बरं, आता इकडं या. आपला कुणी तिथपर्यंत गेला का?

गेला. अनिकेत जाधव, कोल्हापूरचा, २००० सालचा जन्म. कोल्हापूरचं वेगळं सांगायला नको, तिथं पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी मंडळ, दिलबहार. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतल्या पेठेत नातेवाईकसुद्धा दोन दिवस बोलत नाहीत. त्या हवेतलं हे पोरगं, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला शिकलं. २०१७ ला भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात तो भारताचा फॉरवर्ड होता. त्या संघात आणखी एक मराठी आडनाव होतं, नमित देशपांडे. मुंबईत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला.

त्या वर्ल्ड कपमध्ये भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारला आणि कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल झाला. जॅक्सन मणिपूरचा. त्या २१ जणांच्या संघात मणिपूरचे ८ होते. एवढंसं राज्य, आणि ८! हे लक्षात ठेवा, मी परत येतो याच्यावर.

तर अनिकेत २०१९ मध्ये जमशेदपूर एफसीकडं होता, आणि तेव्हा त्याला तीन महिन्यांच्या सरावासाठी इंग्लंडला पाठवलं. कुठं? ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या अकादमीत. ज्या क्लबात व्हार्टन तेव्हा पंधरा वर्षांचा होता, त्याच क्लबात. तिथून परत येऊन तो आयएसएल खेळला आणि मार्च २०२२ ला बहारीनविरुद्ध भारताच्या सीनियर संघात उतरला.

लगेच कुणीतरी विचारणार, मग तिथंच का नाही थांबला? मालक तर आपलेच होते!

मंडळी, इथं मालक आपला असून चालत नाही. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला वर्क परमिट लागतं, आणि ते मिळताना तुमचा देश किती वर आहे, तुम्ही देशाकडून किती खेळलात, कुठल्या लीगमध्ये खेळलात, हे मोजतात. २००९ ला आपल्या सुनील छेत्रीला याच चॅम्पियनशिपमधल्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं घेतलं होतं. करार ठरला होता. पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नव्हता, म्हणून परमिट नाकारलं. छेत्रीला! पुढं २०१२ ला तो पोर्तुगालला गेला, स्पोर्टिंग लिस्बनच्या बी संघात, तोही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. तीन सामने मिळाले आणि मग तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळायला परत आला. आज नियम बदललेत, गुणांची पद्धत आलीय, पण भारत अजून शंभराच्या बाहेर आहे. म्हणजे दार तेवढंच जड आहे.

आता मी ज्याच्यासाठी हा भाग केला त्या मुद्द्यावर येतो.

आमच्या नात्यातलंच एक लेकरू आहे. नाव सांगत नाही. वय पंधरा. मला मामा म्हणतो. चांगला खेळतो, आणि हे मी मामा म्हणून म्हणत नाही. डाव्या पायानं असा क्रॉस टाकतो की शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळणारी पोरं थांबून बघतात. त्याचे आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की कोयता घेऊन टोळीबरोबर, आणि पोरगं आजीजवळ.

मागच्या पावसाळ्यात त्याच्या मोबाईलवर एक पत्र आलं. युरोपातल्या एका दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबचं. लोगो, सही, शिक्का, सगळं. "तुमचा व्हिडिओ आमच्या स्काउटनं बघितला, तुमची ट्रायलसाठी निवड झाली आहे." खाली एका एजंटचा नंबर. नोंदणी, व्हिसा, राहणं, सगळं मिळून साडेतीन लाख. पंचवीस हजार लगेच, बाकीचे दोन महिन्यांत.

पंचवीस हजार गेले होते. मला कळलं तेव्हा बाकीच्यांची तयारी चालली होती. ताई मला म्हणाली, "मुकादमाला सांगितलंय, औंदा उचल जास्तीची घेऊ. दोन सीझन जास्त तोडू. पोरगं निघंल ना यातून बाहेर."

साडेतीन लाखांची उचल म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कोयता आहे त्यांना माहितीये. आधी पैसे घ्यायचे आणि मग पहाटेपासून मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून, गाडी भरून ते फेडायचे. एक सीझन आजारपणात गेला की ती रक्कम पुढच्या वर्षावर चढते.

मी ते पत्र नीट वाचलं. मेल आयडी जीमेलचा होता. क्लबाच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून मी त्यांना साध्या इंग्रजीत दोन ओळी पाठवल्या. चार दिवसांनी उत्तर आलं: असं पत्र आम्ही पाठवलेलं नाही, आम्ही ट्रायलचे पैसे घेत नाही. मी ते उत्तर ताईला वाचून दाखवलं. ताई गप्प बसली. लेकरू उठून गेलं. तो अजून माझ्याशी मोजकंच बोलतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं विमान मीच उतरवलं. पंचवीस हजार परत आले नाहीत. तीन लाख पंचवीस हजार वाचले.

म्हणून हे नियम नीट ऐका, आणि ज्याच्या घरात खेळणारं पोरगं आहे त्याला पाठवा.

पहिली गोष्ट. फिफाचा नियम आहे की १८ वर्षांच्या आतल्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडं बदली होत नाही. मोजके अपवाद आहेत. आई-वडीलच फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले, किंवा घर सरहद्दीला अगदी लागून असलं, किंवा युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ ते १८ मध्ये. राया सोळाव्या वर्षी स्पेनहून इंग्लंडला आला तो याच शेवटच्या अपवादामुळं. आता ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, तर इंग्लिश क्लबला फ्रान्सचं सोळा वर्षांचं पोरगंसुद्धा घेता येत नाही. शेजारच्या फ्रान्सचं घेता येत नाही, तिथं वडवणीचं पंधरा वर्षांचं कसं घेतील? एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे एजंट फोन ठेवतील.

दुसरी गोष्ट. एजंटला फिफाचं लायसन्स लागतं, आणि त्यांची यादी फिफाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. नाव विचारा, शोधा. आणि अठराच्या आतल्या पोराशी बोलायला पालकांची लेखी परवानगी लागते. पोराच्या इन्स्टाग्रामवर थेट मेसेज टाकणारा माणूस तिथंच नापास.

तिसरी गोष्ट. पैसा कुठल्या दिशेनं वाहतो ते बघा. व्हार्टनच्या घरच्यांनी पॅलेसला पैसे दिले का? क्लबनं क्लबला दिले. खऱ्या फुटबॉलमध्ये पैसा खेळाडूकडं आणि त्याला घडवणाऱ्याकडं येतो. तो खेळाडूच्या आईकडून बाहेर जायला लागला, की तो फुटबॉल नाही, धंदा आहे.

आणि चौथी, जी आपल्याकडच्या क्लबवाल्यांना, पीटीच्या सरांना माहिती असली पाहिजे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ वर्षं वयात ज्या ज्या क्लबनी घडवलं त्यांच्यात वाटायचे असतात. १२ ते १५ या चार सीझनला त्या पाच टक्क्यांतला विसावा हिस्सा प्रत्येकी, आणि पुढच्या प्रत्येक सीझनला दहावा हिस्सा. गणित करा. समजा एखादा पोरगा कधीतरी १० कोटीला विकला गेला. ५ टक्के म्हणजे ५० लाख. ज्या छोट्या क्लबनं त्याला ती पहिली चार वर्षं खेळवलं, त्याला १० लाख. दहा लाखात तालुक्याच्या मैदानाचं काय काय होईल! पण कधी? त्या क्लबची आणि त्या पोराची रीतसर नोंदणी असेल तर. महाराष्ट्रात ही संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि देशपातळीवर एआयएफएफची ऑनलाइन नोंदणी. कागद नसेल तर तुम्ही त्याला घडवलंच नाही, असं धरतात.

मग करायचं काय? पोराला खेळायचंय, त्याला नुसतं "फसशील" म्हणून चालत नाही.

रस्ता आहे, लांबचा आहे. शाळेचा संघ करा आणि सुब्रतो कपला उतरवा. ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा, अनिकेत त्याच दारातून गेला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे, शिष्यवृत्तीवर चालते. भुवनेश्वरला २०२३ पासून फिफा आणि एआयएफएफची अकादमी आहे. यातल्या कुठल्याही ठिकाणी उचल काढून पैसे भरायची गरज नाही. कुणी या नावांनी पैसे मागितले तर तोही खोटाच समजा.

आणि मघाशी मणिपूरचं म्हटलं ते. तिथली पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत. गावागावात खेळ आहे, क्लब आहेत, लहानपणापासून मॅच आहेत. म्हणजे ब्लॅकबर्नच्या व्हार्टनला जे मिळालं तेच, छोट्या रूपात: सहाव्या वर्षापासून घराजवळ एक संघ. आपल्याकडं काय, तर मैदान आहे, पण ते कधी लग्नाच्या मंडपाला, कधी सभेला. गोलपोस्ट नाही. पोरं दोन विटा ठेवतात आणि गोल झाला की नाही यावर अर्धा तास भांडतात.

पण बीड जिल्ह्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून रौप्य घेऊन आला. बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ मारले आणि मॅच काढून दिली. दम आहे, पाय आहेत. फुटबॉलला अजून तो पहिला क्लब मिळायचाय.

तर माझं म्हणणं एवढंच. वडवणीतून थेट युरोप असा रस्ता आज नाही, जो दाखवतो तो खोटं बोलतो. वडवणीतून जिल्हा, जिल्ह्यातून पुणे, पुण्यातून आयएसएल, आणि अठरानंतर, नशीब आणि पाय दोन्ही साथ देत असतील तर, ब्लॅकबर्नसारखी एखादी दुसरी डिव्हिजन. हा रस्ता आहे. याला आठ-दहा वर्षं लागतात आणि साडेतीन लाख लागत नाहीत.

एक काम सांगतो. तुमच्या गावात पोरांना रोज संध्याकाळी फुटबॉल खेळवणारा कुणी असेल, सर असोत, पोलीस भरतीची तयारी करणारा दादा असो, मला कळवा. त्याचं नाव विचारून, त्याची परवानगी घेऊन, पुढच्या भागात त्याच्याशीच बोलू. आणि असं ट्रायलचं पत्र कुणाला आलं असेल तर पैसे भरायच्या आधी मला पाठवा. मी काही वकील नाही, पण दोन ओळींचा मेल नक्की करून देईन.

भाग आवडला तर घरातल्या मोठ्यांनाही ऐकवा. या वेळी खास करून आईला. चला, भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.